पाच नंबरचं कुंकू

मधुवंती मॅडमचा पहिला फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो, आणि जेवताना फोन वाजला की माझं डोकं फिरतं. पण पलीकडचा आवाज अगदी शांत होता. "गोविंदराव ना? पुढच्या गुरुवारी तुमच्या जिनिंगची थर्मोग्राफी करायला येतेय. त्याआधी तिथल्या माणसांनी काय काय तयार ठेवायचं ते सांगते. लिहून घ्याल?" लिहून घेणं हा माझा जन्माचा रोग आहे. मी हात धुतला आणि वही ओढली. भाजी निवून गेली.

जिंतूर रस्त्यावरच्या या जिनिंगमध्ये मी एकोणतीस वर्षं मॅनेजर आहे. शेतकऱ्यांचा कापूस येतो, आम्ही सरकी वेगळी काढतो आणि रुईच्या गाठी बांधतो. हंगामात शेडमध्ये रुईचे तंतू इतके उडतात की दुपारपर्यंत माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात. अशा जागी विजेच्या एका ठिणगीने काय होईल ते सांगायला नको. यंदा विमावाल्यांनी अट घातली की विजेचे सगळे पॅनल उष्णता दिसणाऱ्या कॅमेऱ्याने तपासून घ्या. एखादा नट ढिला झाला, एखादा जोड आतल्या आत तापायला लागला, तर आग लागायच्या आधी तो त्या कॅमेऱ्यात दिसतो म्हणे. 'म्हणे' हा माझा तेव्हाचा शब्द. आज मी तो वापरणार नाही.

मॅडमनी आठ गोष्टी सांगितल्या. पॅनलांची यादी आणि किल्ल्या हाताशी ठेवा. झाकणं मी उघडणार नाही, जो माणूस ती रोज उघडतो त्यानेच उघडायची. मशिनी चालू पाहिजेत, कारण बंद मशीन कॅमेऱ्यात थंडच दिसणार. लोड चाळीस टक्क्यांच्या वर हवा. (हे मी मोठ्याने म्हणत लिहीत होतो, तर गेटवरचा परमेश्वर बैठकीतले लोड-तक्के झटकायला निघाला. त्याला थांबवून विजेचा लोड निराळा असतो हे समजावण्यात पाच मिनिटं गेली.) असं करत आठवी गोष्ट आली. "मी येण्याआधी काही पुसू नका, काही आवळू नका. आहे तसंच मला बघू द्या." मी हेही लिहिलं आणि खाली रेघ मारली. त्यामुळे 'विसरलो' म्हणायची सोय मला उरली नाही.

शेवटी मी जरा तोऱ्यात म्हणालो, "मॅडम, या अवश्य. पण आमच्याकडे आप्पाराव आहेत. त्यांचा हातच कॅमेरा आहे."

यात फुगवून सांगितलेलं काही नव्हतं. आप्पाराव आमचे वायरमन, माझ्याही आधीपासूनचे. बंद पॅनलच्या पत्र्यावर पालथा हात टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वरून दुसरा नट. अर्धा आटा." वीज बंद करून उघडावं तर वरून दुसरा नट, अर्धा आटा ढिला. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी त्यांच्या हाताकडे असा बघत राहिलो की तेच लाजले. आपण एवढं शिकलो, टाय लावून मुलाखती दिल्या, आणि या माणसाला पत्र्यापलीकडचं समजतं, याचा अचंबा माझ्या मनातून कधीच गेला नाही.

पण आमचे मालक शिवप्रसाद शेठ यांनी त्याच दिवशी माझी झोप उडवली. म्हणाले, "गोविंदराव, कॅमेऱ्याला काही सापडलं आणि आप्पारावला ते आधी सापडलं नसलं, तर त्यांना ठेवून करायचं काय? साठी उलटली. हंगाम संपला की घरी बसू द्या." शेठ दुष्ट नाहीत, मनात येतं ते बोलून मोकळे होतात. पण आप्पारावांनी बसायचं कुठल्या घरी? त्यांचं घर म्हणजे जिनिंगच्या आवारातली कोपऱ्यातली खोली. त्यांची बायको सारजाबाई तिथे अठ्ठावीस वर्षं राहतेय, दारातला कढीपत्ता तिने लावलेला.

शुक्रवारी मी सगळ्यांना जमवून ती आठ कलमं वाचून दाखवली. आप्पाराव पुढे उभे राहून मान डोलवत ऐकत होते. आणि त्याच रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या डोक्यात विचार आला, की कॅमेऱ्याला काही सापडलंच नाही तर? पाहुणा यायचा म्हणजे घर झाडायचं. धूळ असली तर तापणार, मळ असला तर तापणार. सगळं लख्ख केलं, तर सापडायला उरेल काय?

रविवारी आप्पाराव पुतणीच्या साखरपुड्याला सोनपेठला गेले. मेन स्विच बंदच होता. मी बाहेरचा फिटर योगीराज बोलावला आणि नऊच्या नऊ पॅनल आतून पुसून घेतले. आठवं कलम मला पाठ होतं, तरी पुसून घेतले. "पुसतोय फक्त, आवळत कुठं आहोत," अशी स्वतःची समजूत काढली. वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या आणि त्यांचे नटबोल्ट योगीराजने कापडाने आणि पॉलिश पेपरने असे घासले की तोंड दिसावं. दर बोल्टच्या डोक्यावर लाल ठिपका होता, आप्पारावांनी खंडेनवमीला लावलेलं कुंकू. योगीराज कुरकुरला, "लय चिकट हाय, सायब." मी म्हणालो, "खरवड."

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे माझी अक्कल किती ते कळेल. सारजाबाई जुन्या चालीची, कपाळाला आधी मेण लावते आणि त्यावर कुंकू. दसऱ्याला ती मला हसत म्हणाली होती, "गोविंदराव, ह्यांला समजावून सांगा की. माजं कुकवाचं मेण सगळं मशिनीलाच लागायलंय." मीही हसलो होतो आणि आपट्याची पानं देऊन निघून आलो होतो.

सोमवारी सकाळी आप्पाराव माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"गोविंदराव, पॅनल कुणी उघडले हुते?"

"मी. स्वच्छ करून घेतले. आता बघा कसे चमकतात."

"कुकू पुसलं तुमी."

"आप्पाराव, देव काही रागवत नाही. गुरुवार होऊ द्या, नवं लावा. नारळ मी आणतो."

"देवाचं न्हाई वो. त्या कुकवात..."

मला गाड्यांच्या पावत्या बघायच्या होत्या. मी म्हणालो, "गुरुवारी बोलू." ते हलले नाहीत.

"मंग पाच नंबर गुरवारपत्तुर बंद ठिवा."

"का? हात लावून बघितलात का?"

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. "बंद ठिवा म्हंतो मी," ते एवढंच बोलले.

पाच नंबर म्हणजे प्रेसचा पॅनल. प्रेस बंद ठेवली तर गाठी बांधायच्या कशाने? आणि मॅडमला लोड हवा होता, आठवडाभर आधी सांगितलेला. मी वही उघडून कलम चौथं त्यांना वाचून दाखवलं. माणूस एवढा मूर्ख असू शकतो, की आठवं कलम मोडून चौथं वाचून दाखवतो.

आप्पाराव गेले आणि पाच नंबरसमोर लोखंडी स्टूल टाकून बसले. शेजारी वाळूच्या चार बादल्या आणि आग विझवायचं नळकांडं. समोरची जागा त्यांनी स्वतः झाडली, रुईचा एक तंतू राहू दिला नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार, पहिल्या पाळीपासून प्रेस थांबेपर्यंत. सारजाबाई डबा तिथेच आणून द्यायची. मी दोनदा थट्टा केली, "काय आप्पाराव, पाच नंबर पळून जाणार आहे काय?" ते हसले नाहीत. घरी बसायच्या बोलण्याची कुणकुण त्यांना लागली असणार आणि रुसून बसले असणार, असं मी धरून चाललो.

गुरुवारी दहा वाजता मधुवंती मॅडम आल्या. तिशीतल्या असतील. आल्या आल्या चहा नको म्हणाल्या आणि आम्हा सगळ्यांना लिंबाखाली उभं केलं. कोण झाकण उघडणार, कोण किती लांब थांबणार, कोण स्विचपाशी राहणार, हे एकेकाला विचारून ठरवलं. "मी तळहात वर केला की काही न विचारता स्विच पाडायचा," त्या म्हणाल्या. आप्पारावांना त्या काका म्हणत होत्या.

मग त्यांनी कॅमेरा काढला. मला वाटलं होतं काहीतरी अवजड असेल, तर भिंतीला भोकं पाडायच्या ड्रिलएवढा. त्या म्हणाल्या, "आधी हा काय बघतो ते तुम्ही बघा. सगळ्यांनी ऑफिसच्या भिंतीवर हात टेकवा. दहा आकडे मोजा. काढा."

आम्ही हात काढले. भिंत होती तशी पांढरी. त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा आमच्याकडे वळवला आणि मी अक्षरशः दोन पावलं मागे सरलो. भिंतीवर हात होते. हात काढून घेतले होते तरी होते, पिवळे, नारिंगी, पाचही बोटांनिशी, आणि हळूहळू विरत चालले होते. परमेश्वर आपले हात उलटेसुलटे करून बघू लागला. आपण जिथे जिथे हात ठेवतो तिथे थोडे मागे राहतो, आणि आजपर्यंत हे कुणाला दिसलं नाही म्हणून काय ते खोटं होतं? देवळात बसून जे कधी वाटलं नाही, ते मला माझ्या ऑफिसच्या चुन्याच्या भिंतीपुढे वाटलं.

मग माझं लक्ष गेलं. आम्ही पाच जण होतो आणि भिंतीवर हात चार. माझ्या शेजारी, जिथे आप्पारावांनी हात टेकवला होता, तिथे पुसट तळवा होता आणि बोटं जवळजवळ नव्हतीच. मॅडमनीही पाहिलं. त्यांनी कॅमेरा आप्पारावांच्या हाताकडे वळवला. मनगट पिवळं, तळवा जांभळा आणि बोटांची टोकं काळी.

"काका, साखर आहे का?" त्यांनी हळू विचारलं.

"तीन साल झाले," आप्पाराव म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. "बोटाला काईच कळंना. च्याचा कप तापलाय का निवलाय, ते बी ती सांगती." ते सारजाबाईबद्दल बोलत होते.

तीन वर्षं. म्हणजे गेली तीन वर्षं पत्र्यावर पालथा हात टेकवून, डोळे मिटून 'वरून दुसरा नट' म्हणणाऱ्या या माणसाच्या हाताला काहीच कळत नव्हतं. आणि तरी नट बरोबरच निघत होता. मी वही उघडली आणि नुसतीच धरून उभा राहिलो.

एक ते चार नंबर नीट निघाले. पण मॅडमचा चेहरा आखडलेला होता. "हे कुणी घासलंय?" त्यांनी विचारलं. मी घसा साफ केला. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गोविंदराव, चकचकीत धातू या कॅमेऱ्याशी खोटं बोलतो. स्वतःची उष्णता दाखवतच नाही, आरशासारखी समोरच्याची दाखवतो. म्हणून मी नको म्हणाले होते. तापलेला बोल्टसुद्धा आता मला थंड दिसणार." या बाईची नजर मीच पुसून टाकली होती.

पाच नंबर आला. प्रेस दणदणत होती. आप्पारावांनी रबरी हातमोजे चढवले, तोंडापुढे काचेसारखं पारदर्शक आवरण ओढलं आणि झाकण काढून बाजूला ठेवलं. आम्ही मॅडमनी आखलेल्या रेघेमागे. मॅडमनी कॅमेरा धरला. पडद्यावर सगळं निळं. तिन्ही पट्ट्या, सगळे बोल्ट, निळे आणि गार. मी श्वास सोडला, सुटलो म्हणून.

"थांबा," मॅडम म्हणाल्या.

मधल्या पट्टीवर, तिसऱ्या बोल्टच्या खालच्या कडेला, एक ठिपका होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, पांढराशुभ्र, बाकीच्या निळ्यात एकटा. बाजूला आकडा उमटला, एकशे एकवीस अंश. त्याला खेटून असलेल्या चकचकीत धातूवर आकडा होता चव्वेचाळीस. मॅडमनी एकदा डोळे चोळले, पुन्हा बघितलं आणि तळहात वर केला.

स्विच पडला. प्रेस थांबली. इतकी शांतता झाली की छपरावरच्या पारव्यांचा आवाज ऐकू आला.

मेनला कुलूप घातल्यावर आणि वीज नाही याची दोनदा खात्री झाल्यावर मॅडमनी बॅटरी पाडून वाकून बघितलं. बोल्टच्या खालच्या बाजूला, जिथे योगीराजचं कापड पोचलं नव्हतं, तिथे लाल चिकट ओघळ राहिला होता. त्या ओघळानेच खरी उष्णता दाखवली होती. "काका, हे काय आहे?"

"कुकू हाय ताई. मेणातलं."

"मेणातलं कशाला?"

आप्पाराव माझ्याकडे न बघता बोलू लागले. "हाताला कळंना झालं तवा इचार पडला. सांगावं तर काम जाईल. मंग हिचं कपाळ बगितलं. उन्हात कापूस येचताना हिचं कुकू वघळतंय, कारण मेण मऊ पडतंय. म्हणलं, बोल्टाचं बी तसंच असंल. दर खंडेनवमीला वीज बंद असती, समद्या बोल्टाला मेण लावतो, वर कुकू. लोकं म्हंत्यात पूजा. म्हणू दे. बोल्ट तापला की कुकू वघळतंय. म्या पॅनल उघडून लांबून बगतो, मंग झाकण लावून पत्र्यावर हात ठिवतो." ते थांबले. "हात नुसता दाखवायला. शनवारी पाच नंबरचं वघळाय लागलं हुतं. आवळनार हुतो, पर ताईनं सांगितलेलं, आवळू नका. म्हणलं कुकवावर नजर ठिवू, लय वघळलं तर बंद करू. सोमवारी येऊन बगतो, तर कुकूच न्हाई."

मॅडमनी आपल्या बॅगेतून एक छोटी पट्टी काढली, तिच्यावर बिनचमकीचे काळे ठिपके. "धातू चकचकीत असला की आम्ही हे चिकटवतो, म्हणजे कॅमेऱ्याला खरं दिसतं. मला हे शिकायला दोन वर्षं लागली, आणि काका, मेण साठ-बासष्टला पातळ होतं. जोड तिथपर्यंत गेला की लक्ष ठेवा, असं आम्हीही सांगतो." त्यांनी हातमोजा काढला आणि तो ओघळ बोटाने नुसता टिपला. देवळात अंगारा घेतात तसा.

मी तिथेच उभा होतो. एका बाजूला कॅमेरा, दुसऱ्या बाजूला करंड्यातलं चिमूटभर मेण, आणि दोघांनी एकच गोष्ट पाहिलेली. आयुष्यात मी पुष्कळ हुशार माणसं बघितली. इतकं मोठं काही बघितलं नव्हतं. आणि ते मी पॉलिश पेपरने खरवडून काढलं होतं.

बोल्ट उघडला तेव्हा आतून काळा पडला होता आणि पट्टीला खड्डा. मॅडम म्हणाल्या, "आठवडा. फार तर दहा दिवस." पाच नंबरपासून सात पावलांवर रुईचा ढीग होता, आणि ढिगापाशी बारा बाया काम करत होत्या.

बातमी कळली तसे शेठ तडक शेडमध्ये आले. मॅडमनी फोटो दाखवला. शेठनी तो बराच वेळ बघितला. मग आप्पारावांकडे वळले आणि मला ज्याची भीती होती तेच बोलले. "आप्पाराव, एवढं तापलं होतं. तुमच्या हाताला कसं कळलं नाही?"

आप्पारावांनी हात पाठीमागे घेतले. मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण सांगायचं काम त्यांचं नव्हतं.

मी वही उघडली. आठवं कलम काढलं, खाली रेघ मारलेलं, आणि शेठसमोर धरलं.

"कळलं होतं, शेठ," मी म्हणालो. "शनिवारीच कळलं होतं. सोमवारी माझ्या टेबलापुढे उभं राहून त्यांनी पाच नंबर बंद ठेवा म्हणून सांगितलं. मी ऐकलं नाही. त्यांनी खूण करून ठेवली होती, ती मी पुसली. हे मॅडमच्या अहवालात लिहू द्या, खाली सही मी करतो."

शेठ वही वाचत राहिले. मागे सारजाबाई डबा घेऊन येऊन थांबली होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने डबा खाली ठेवला, कमरेची पिशवी सोडली आणि मेणाची डबी काढून माझ्या हातात दिली.

"वीज बंद हाय तवर लावून घ्या," ती म्हणाली. "ह्ये हात धरून दाखवत्याल, बोल्ट कुठला ते."